आत्याचा अर्धा दिवस

उजवा हात डोक्याच्या वर, कोपर ताठ, बोटं मिटलेली. नुसती मूठ. तोंडातून शब्द नाही. ती मूठ वर गेली की साठ फूट खोल विहिरीवर झुलणारा दगडांनी भरलेला लोखंडी डोल जागच्या जागी थांबायचा. ऑपरेटरचा पाय ब्रेकवर जायचा, खालची माणसं कडेला चिकटायची, आणि कुणाच्या बापाचं न ऐकणारा मीसुद्धा अर्ध्या वाक्यात गप्प व्हायचो.

वाशीमहून कारंज्याकडे किंवा मालेगावकडे उन्हाळ्यात जाताना रस्त्याकडेच्या शेतात विहिरीचं काम चाललेलं तुम्ही पाहिलं असेल. क्रेनचा लांब दांडा दिसतो, इंजिनाचा काळा धूर दिसतो, वर आलेल्या मुरमाचा ढीग दिसतो. अगदी काठावर पाय रोवून एक बाई उभी असते, ती तुम्हाला दिसली नसेल. या धंद्यातली पहिली दोन वर्षं मलाही दिसली नव्हती.

खाली उतरलेल्या माणसांना क्रेनवाला दिसत नाही. क्रेनवाल्याला खालची माणसं दिसत नाहीत. इंजिनाच्या आवाजात एकमेकांचं ऐकू येत नाही. मधे काठावर एक माणूस लागतं, जे खालचा आवाज ऐकेल आणि हातानं वर सांगेल. उघडा पंजा वर केला की ओढ. पंजा जमिनीकडे दाबला की सोड. मूठ म्हणजे थांब. एवढ्या तीन खुणा. खाली दगड फोडणाऱ्या सहा-सात माणसांचा जीव या तीन खुणांवर असतो.

तिला सगळे आत्या म्हणायचे. नाव मी लिहीत नाही. तिला ते आवडलं नसतं. शिवाय माझा तिच्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि रागात मी लोकांची नावं घेतली की काय होतं ते मला माहीत आहे.

मी याच धंद्यात मजूर म्हणून लागलो. आज माझ्या तीन क्रेन आहेत. मधलं सगळं मी तोंडाच्या जोरावर मिळवलं. पहिली क्रेन कारंज्याच्या एका माणसाकडून घेतली, त्याला दिवसभर उन्हात उभं करून. शेवटी तो म्हणाला, "बाप्पा, घेऊन जा, पन आता बोलू नको." अशा माणसासमोर आत्या बोलणी करायला आली. आमच्याच वस्तीतली, पन्नाशीची, किडकिडीत, पदर कमरेला खोचलेला. मागे आठ जणांची टोळी.

"भाऊ, मजुरी तुमी मनान तशी," ती म्हणाली. "माही एक अट हाय."

"बोला."

"नव्या इहिरीवर क्रेन लागली का पयला अर्धा दिवस माहा."

"म्हणजे काय?"

"त्या टायमात मुरूम निघनार नाही. मानसं खालीवर जातीन. तुमचा ऑपरेटर डोलात बसून खाली जाईन. खाली फोडनारे वर येऊन काठावर हुबे राह्यतीन. ज्यानं खालून वर पायलं नाही, त्यानं ब्रेकले पाय लावू नये."

"अवो आत्या, अर्ध्या दिवसात केवढं काम होते!"

"हो ना. अन् एका मिनटात मानूस जाते."

"मग एका तासात उरका."

"अर्धा दिवस."

"बरं, दोन तास. तुमचं नाही, माझं नाही."

तिनं मूठ वर केली. पहिल्यांदा तेव्हा. मी तोंड उघडं ठेवून थांबलो, आणि मी थांबलो तेवढ्यात ती टोळीला घेऊन क्रेनकडे चालायला लागली होती. बोलण्यात मी कुणापुढे हरलो असेन तर या एका बाईपुढे.

माझा ऑपरेटर धिप्पाड गडी होता. गालात कायम गुटख्याची पुडी. तो हसत हसत डोलात बसला. "आत्या, फोटो काढजा माहा," म्हणाला. दहा मिनिटांनी वर आला तेव्हा त्याच्या तोंडात गुटखा नव्हता. कुठे थुंकला त्यालाही सांगता आलं नाही. त्यानं हात धुतले, क्रेनखाली शिरला आणि ब्रेकचे सगळे नट स्वतः आवळून पाहिले. त्याआधी ते काम मी दहादा ओरडून सांगितल्याशिवाय होत नसे.

टोळीतले सगळे एकेक करून उतरले. मी उतरलो नाही.

"मालकानं वर राहून पाहायचं असतं," मी म्हणालो. लोकांना ते पटलं. खरं कारण मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. विशीत असताना मी एका विहिरीच्या तळाशी फोडकाम करत होतो. वरून भरल्या डोलातला एक धोंडा सुटला. पडणारा दगड विहिरीत आधी ऐकू येतो, मग दिसतो. शिट्टीसारखा आवाज होतो. तो माझ्यापासून हातभर अंतरावर पडला. मला काही झालं नाही. पण त्यानंतर कुठल्याही विहिरीच्या काठावरून खाली पाहिलं की मला ती शिट्टी ऐकू येते आणि मी दोन पावलं मागे सरकतो. लोक मला तापट म्हणतात. काठावर उभा असताना मी जेवढा ओरडतो तेवढा दुसरीकडे कुठेच ओरडत नाही, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे, मला तसं वाटायचं.

आत्याची मूठ विहिरीपुरती राहिली नव्हती. एकदा वाशीमच्या बसस्टँडवर आम्ही उभे होतो. एसटी मागे येत होती, कंडक्टर पेपर वाचत होता, आणि मागच्या चाकाजवळ एक म्हातारा आपली पिशवी गोळा करत बसला होता. आत्यानं आरशात दिसेल अशी मूठ धरली. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला. कंडक्टर खाली उतरून तिच्यावरच खेकसला, "अवो बाई, गाडी थांबवाची शिट्टी माह्याजोळ हाय!"

"मंग वाजवा ना भाऊ," आत्या म्हणाली. "मी कुठी नाही मनतो."

टोळीत गौतम नावाचा एक माणूस होता. अतिशय भित्रा. वर ढिगावर उभा राहून मुरूम ओढायचा, पण नजर सारखी विहिरीत. आत्याचा नियम असा होता की मूठ कुणीही दाखवायची, अगदी मुरूम वाहणाऱ्या बाईनंसुद्धा. आणि दाखवली की काम थांबायचं, कारण नंतर. गौतम दिवसातून पाचदा थांबवायचा. "काही तरी हाललं मनून," सांगायचा. हललेलं काही नसायचं. माझ्या कपाळाची शीर उडायची. आणि दुपारचा चहा आला की आत्या पहिला पेला गौतमला द्यायची.

"आत्या, हा माणूस बदला," मी म्हणालो.

"राहू द्या त्याले. ज्या दिवशी गौतम थांबवनार नाही ना भाऊ, त्या दिवशी मले भेव वाटीन."

आता त्या विहिरीचं सांगतो, जिच्यामुळे आमचं बिनसलं.

किन्हीराजाच्या पुढे एका गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर खोल करायची होती. गाव टँकरवर होतं. मी भर ग्रामसभेत शब्द देऊन बसलो होतो की पावसाआधी पाणी लावून देतो. खाली काळा पाषाण निघाला. दिवस हातातून जायला लागले तशी मी दुसरी टोळी आणली. ही माणसं पलीकडच्या वाडीवरची, नुकतीच ऊसतोडीवरून परतलेली. अंगानं दणकट, कामाला वाघ. पण दोन टोळ्यांचं पहिल्या तासापासून जमेना. आमच्या वस्तीतल्यांची घागर एका लिंबाखाली, वाडीवाल्यांची दुसऱ्या लिंबाखाली. त्यांचा मुकादम माझ्याशी बोलायचा, आत्याशी नाही. "आमचं आमी पाहून घेऊ," एवढंच त्याचं म्हणणं.

आत्या माझ्याकडे आली. "भाऊ, अर्धा दिवस."

"विहीर तीच आहे, आत्या. तुमचा अर्धा दिवस झालेला आहे."

"मानसं नवे हायेत. त्यायले आपले हात माईत नाहीत."

"शिकतील काम करता करता."

"भाऊ..."

"वेळ नाही!" मी ओरडलो. "गावाला शब्द मी दिला आहे, तुम्ही नाही!"

ती गेली. तिसऱ्या दिवशी गौतमनं चार वेळा काम थांबवलं. चौथ्या वेळेला माझा ताबा सुटला. दोन्ही टोळ्यांसमोर मी त्याला आईवरून बोललो आणि वर सांगितलं, "यापुढे कारण नसताना ज्याचा हात वर जाईल, त्यानं दुसऱ्या दिवशी येऊ नये. सगळ्यांना सांगतो आहे."

पुढचा दिवस तेल घातल्यासारखा गेला. एकदाही काम थांबलं नाही. संध्याकाळी मी खुशीत होतो. आत्या हातपाय धुऊन माझ्याजवळ आली. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"भाऊ, आज कोनीच थांबवलं नाही."

"मग? चांगलं नाही का?"

"गौतमनं बी नाही."

"शहाणा झाला."

"शाना नाही झाला. त्याले इहिरीपक्षा तुमचं भेव जास्त झालं." तिनं विहिरीकडे हात केला. "इहिरीचं भेव असू द्या भाऊ, ते पायजे. तुमचं भेव तिच्यात सोडू नका."

मी हसलो. हो, हसलो. "आत्या, तुम्ही म्हाताऱ्या झाल्या," असंही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या भाकर खायला लिंबाखाली गेली. सकाळपासून उन्हात उभी होती. काठावर मुकादमाचा पुतण्या उभा राहिला, पंचवीस-सव्वीसचा गडी. वाडीचे दोन जण डोलात बसून वर येत होते. निम्म्यात विहिरीच्या भिंतीला खडकाची एक पायरी पुढे आलेली होती. डोल फिरला आणि त्याची कड त्या पायरीखाली अडकली.

पुतण्यानं ते पाहिलं आणि हात वर केला. उघडा पंजा. ऊसतोडीवर ट्रॅक्टर थांबवायला ते उघडा पंजा वर करतात. त्याच्या हिशेबी तो "थांब" म्हणत होता. आमच्या ऑपरेटरच्या हिशेबी "ओढ". त्यानं ओढलं. पुतण्या घाबरला, त्यानं पंजा आणखी उंच केला, टाचा उचलून. ऑपरेटरनं इंजिन आणखी वाढवलं. तारेचा दोर ताणून किंचाळायला लागला. डोल कलला. तीन साखळ्यांपैकी एक कडीतून सुटली.

मला हे सगळं दिसत नव्हतं. मी ढिगाच्या या बाजूला होतो. मला गौतम दिसत होता. त्याला सगळं दिसत होतं. त्याचा हात वर निघाला. छातीपर्यंत आला. बोटं मिटत होती. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि हात खाली घेतला.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. गौतमनंही सांगितलं नाही.

लिंबाखालून आत्या आली. डाव्या हातात भाकरीचा तुकडा, उजवी मूठ वर. ती पळत नव्हती, ऑपरेटरला दिसेल अशा रेषेत चालत होती, झपझप. इंजिनाचा आवाज खाली आला. दोर थांबला. विहिरीतून आवाज यायला लागला, "माय वं, माय वं." दोघं जण कललेल्या डोलाच्या साखळीला लटकले होते. खाली पस्तीस फूट, आणि तळाला फोडलेले दगड.

वाडीवाले ऑपरेटरवर धावून गेले. आमच्यातल्यांनी फावडी उचलली. आत्या मधे उभी राहिली, मूठ तशीच वर. सगळे थांबले. मला वाटतं, त्या क्षणी त्या मुठीचा अर्थ पहिल्यांदा दोन्ही टोळ्यांना एकच कळला.

डोल ओढता येत नव्हता आणि सोडताही येत नव्हता. एकच उपाय. जाड सुती दोर कमरेला बांधून कुणीतरी त्या खडकाच्या पायरीवर उतरायचं, तोच दोर एकेकाच्या कमरेला बांधायचा आणि वरून ओढून घ्यायचं. त्यासाठी बारा-पंधरा जणांचे हात हवेत.

"मानसं आमचे हायेत," मुकादम म्हणाला. "दोर आमीच धरू. ह्यायचा हात नाही लागला पायजे."

"तुमी पाच जन," आमच्यातला एक म्हणाला. "पाच जनात मानूस वढता का? डोकं हाय का जाग्यावर?"

"तुमच्या डोक्यानंच तं हे झालं!"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमी उतरा."

"मी?"

"दोनी टोळ्यायले आननारे तुमी. तुमी दोरावर असले तं कोनी इकडचा-तिकडचा राह्यत नाही." मग अगदी जवळ येऊन, फक्त मला ऐकू जाईल असं, "तुमी काहून उतरत नाही ते मले पयल्या दिवसापासून माईत हाय. आज उतरा."

मी काय केलं असेल? मी घासाघीस केली. "गौतम हलका आहे, त्याला पाठवा," म्हणालो. खाली दोन माणसं लटकलेली आणि मी तिथे भाव करत होतो.  आत्या दोर माझ्या कमरेला बांधायला लागली. 

मग तिनं माणसं लावली. एक वाडीचा, एक आमचा, एक वाडीचा, एक आमचा. मुकादम आणि ब्रेकला खुंटी मारून आलेला ऑपरेटर शेजारी शेजारी. सगळ्यांसमोर उभी राहून तिनं मूठ धरली. "हे काय?" "थांब," सगळे म्हणाले. पंजा दाबला. "हे?" "सोड." पंजा वर. "अन् हे?" "वढ." पुतण्याचा आवाज सगळ्यात मोठा होता आणि तो रडत होता. जो अर्धा दिवस मी दिला नव्हता, तो तिनं दोन मिनिटांत उरकला.

मी काठावरून पाय सोडले. ती शिट्टी लगेच सुरू झाली.

खाली जाताना काय वाटतं ते उतरलेल्यालाच कळतं. ओल्या दगडाचा वास येतो. अंगाला ऊन लागायचं थांबतं. आपला श्वास भिंतीवर आपटून परत येतो. मी डोळे मिटले होते. मग वाटलं, वर पाहावं. वर परातीएवढं आभाळ होतं. ज्यांच्या हातात दोर होता त्यांच्यातलं एकही तोंड दिसत नव्हतं. त्या परातीच्या काठावर एक हात तेवढा होता. पंजा जमिनीकडे, हळू दाबत. मी "थांबा" ओरडलो की मूठ. दोर त्याच क्षणी थांबायचा. "सोडा" म्हटलं की पंजा. आयुष्यभर मी माझं म्हणणं लोकांच्या गळी उतरवलं. तिथे माझा शब्द काठापर्यंत पोचला की तो तिचा व्हायचा, आणि तिच्या हातातून त्या न दिसणाऱ्या पंधरा जणांचा.

पायरीवर पोचलो. ती जेमतेम दीड हात रुंद. डोलातल्या पहिल्या माणसाला बांधायचं तर माझ्या कमरेचा दोर सोडावा लागणार होता. हे मला तिथे जाईपर्यंत सुचलं नव्हतं. मी दोर सोडला.  पहिला गेला. दोर परत आला. दुसऱ्याला बांधला. तो वर जाताना त्याची चप्पल सुटली आणि खाली गेली. ती तळाशी पोचायला किती वेळ लागला ते मी ऐकलं.

मग मी एकटा राहिलो. पाठ भिंतीला, टाचा पायरीवर, कमरेला काही नाही.

वर वाडीवाल्यांची माणसं सुखरूप पोचली होती. आता त्यांना माझ्याशी काय देणंघेणं होतं? आमच्या टोळीसमोर तर कालपरवाच मी गौतमच्या आईचा उद्धार केला होता. मी त्या क्षणी मनातल्या मनात वरचा एकेक माणूस आठवून पाहिला. ज्याला मी कधी तोडून बोललो नव्हतो असा एकही सापडला नाही. परातीच्या काठावर आता हातही दिसत नव्हता. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. ऑपरेटर नंतर म्हणाला की दोर सोडवायला लागला तेवढाच वेळ, पाण्याचा पेला पिऊन होईल एवढा. असेल.

मग काठावर पंजा आला, जमिनीकडे दाबलेला, आणि त्याच्यामागून दोर.

वर आलो तेव्हा कुणीतरी माझ्या तोंडाला पाणी लावलं. कुठल्या लिंबाखालच्या घागरीतलं ते मी पाहिलं नाही.

तोवर गाव जमलं होतं. सरपंच आले. कुणाची चूक, असं त्यांनी विचारलं. माझा दम परतला होता, जीभही परतली होती. मी पुतण्याकडे बोट करणार, तोच आत्या बोलली. सगळ्या गावासमोर.

"ह्या गड्याची चूक नाही. ऑपरेटरची बी नाही. भाऊनं अर्धा दिवस देला नाही, अन् थांबवनाऱ्याले गप केलं. चूक भाऊची हाय."

मी शून्यातून वर आलेला माणूस आहे. ज्या गावांत माझ्या बापाला वेशीबाहेर ताटकळत उभं राहावं लागलं, तिथे आज मला खुर्ची देतात. त्या खुर्चीवर बसलेल्या मला तिनं, माझ्याच वस्तीतल्या बाईनं, असं बोलावं? मी जे बोललो ते पूर्ण लिहीत नाही. "माझ्या क्रेनवर उभी राहून मोठी झालीस, नाहीतर तुला ओळखत कोण होतं," हे त्यातलं सगळ्यात सौम्य. ती ऐकत राहिली. मूठ वर केली नाही. मी थांबायची वाट पाहिली, आणि मी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला न विचारता दोन्ही टोळ्यांचा अर्धा दिवस घेतला. मी जीपमध्ये काचा लावून बसलो होतो. विहीर पावसाआधी झाली, पाणी लागलं, गावानं मला हार घातला. त्यानंतर आत्या माझ्याकडे कामाला आली नाही. नुसती ती नाही. दोन्ही टोळ्या मिळून एक झाल्या आणि दुसऱ्या एकाच्या क्रेनवर गेल्या. गौतम त्यांच्यात, मुकादम त्यांच्यात, पुतण्या काठावर आत्याच्या हाताखाली. मी आणलेली माणसं होती ती. मी.

मला लोक म्हणतात, सोडून द्या भाऊ. मी म्हणतो, तिनं मला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. चारचौघांत नाही. आणि हे म्हणताना दर वेळी मला ती संध्याकाळ आठवते. हातपाय धुऊन ती आली होती, आजूबाजूला कुणी नव्हतं. तिनं बाजूला घेऊनच सांगितलं होतं. मी हसलो होतो. हे मला कळतं. राग तरी जात नाही.

गेल्या हिवाळ्यात मी तिच्या घरी गेलो. परत ये म्हणायचं होतं, पण मीच माघार घेतली असं दिसू द्यायचं नव्हतं. सगळी वाक्यं वाटेत जुळवली होती. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी बोलायला लागलो. ती नुसती बघत होती. मला वाटलं, मुद्दाम करते. माझा आवाज चढला. तिनं शेंगेसकट मूठ वर केली.

"वरडू नका भाऊ. ऐकूच येत नाही आता. कान गेले."

कित्येक वर्षं ती इंजिनाशेजारी उभी होती. इंजिन चार हात लांब लावा, असं ती दोन-तीनदा म्हणाली होती. जागा बदलायला वेळ लागतो म्हणून मी लावलं नव्हतं.

जुळवून आणलेलं एकही वाक्य कामाचं राहिलं नाही. मी बाजेवर बसलो. तिनं पाणी दिलं, शेंगा दिल्या. मग एकदम विचारलं, "अर्धा दिवस देता का आता?"

मी मान हलवली. देत होतो. त्या विहिरीनंतर देत आलो आहे.

"अन् तुमी? उतरता का?"

मी शेंगांकडे पाहिलं. आत्या थांबून राहिली, माझ्या हातांकडे बघत, खालून आवाज येण्याची वाट बघायची तशी. बऱ्याच वेळानं हसली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

होळीच्या आधी ती गेल्याचं कळलं. मातीला दोन्ही टोळ्या होत्या. मी मागे उभा राहिलो. गौतमनं मला पाहिलं, जवळ आला नाही, पण मानेनं रामराम केल्यासारखं केलं.

त्यानंतरची पहिली विहीर मालेगावच्या अलीकडे लागली. नवी माणसं, नवा ऑपरेटर, काठावर एक नवी बाई, तिला अजून कुणी काही नाव पाडलेलं नाही. अर्धा दिवस सुरू झाला. सगळे एकेक करून जाऊन आले. डोल रिकामा परत आला तेव्हा मी त्यात जाऊन बसलो. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. मी काठावरच्या बाईला हात दाखवला, पंजा जमिनीकडे. 

ऊन गेलं. ओल्या दगडाचा वास आला. शिट्टी सुरू झाली. निम्म्यावर आलो असेन. डोल छान चालला होता, कुठे अडकला नव्हता, काही हललं नव्हतं.

"थांबा!" मी ओरडलो.

परातीएवढ्या आभाळाच्या काठावर एक मूठ वर आली. डोल थांबला. मी साखळी धरून बसलो आणि वरून कुणी तरी "काहून थांबवलं" असं विचारायची वाट पाहिली.

कुणी विचारलं नाही. मी पुन्हा बोलेपर्यंत ती मूठ तशीच वर होती.